आपले हायवेचे सर : आठवणी, आणि त्यांच्या नावानं करायचं काय?

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, सांगलीत सिव्हिल केलेल्यांना एव्हाना कळलंच असेल, आपल्याला हायवे आणि ट्रॅफिक शिकवणारे सर गेल्या महिन्यात गेले. विश्रामबागेच्या आपल्या कॉलेजात ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना नाव सांगायची गरज नाही, आणि घरच्यांनीही विनंती केलीय की नेटवर नाव, फोटो काही टाकू नका, तेव्हा इथं सगळ्यांनी 'सर' एवढंच लिहावं.

धागा काढायचं कारण असं की बॅचच्या ग्रुपवर दोन प्रस्ताव फिरतायत. एक, एखाद्या चौकाला सरांचं नाव द्यायला अर्ज करायचा. दोन, सिव्हिलला पहिल्या येणाऱ्याला सुवर्णपदक ठेवायचं. मला दोन्ही पटत नाहीत, का ते सांगतो.

थर्ड इयरला सरांनी पीसीयू शिकवलं तो तास आठवतोय का कोणाला? पीसीयू म्हणजे रस्त्यावरचं प्रत्येक वाहन किती मोटारींएवढी जागा अडवतं ते माप (सिव्हिल नसलेल्यांसाठी सांगतोय). इंडियन रोड्स काँग्रेसच्या गावाबाहेरच्या रस्त्यांच्या तक्त्यात मोटार १, सायकल ०.५, ट्रक नाहीतर एसटी ३, ट्रॅक्टर-ट्रेलर ४.५ आणि बैलगाडी ८. बैलगाडी आठ मोटारींच्या बरोबरीची म्हटल्यावर अख्खा वर्ग हसला, सरही हसले, म्हणाले हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर एका गाडीमागं अडकून या मग बोलू. आणि मग तक्त्याकडं बोट करून विचारलं, ह्यात कोण राहिलं? कोणी म्हणालं रिक्षा, कोणी रोलर, एकजण हत्ती म्हणाला (तो आज मुख्य अभियंता आहे). पाच मिनिटं कुणालाच सुचेना. चालणारा माणूस राहिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायक्लोस्टाइल केलेला स्वतःचा मोजणीचा फॉर्म वाटला. त्यात पहिला रकाना 'पायी', आणि त्याचे परत चार भाग, एकटा, ओझं घेतलेला, मूल बरोबर असलेला, काठी टेकणारा. गाड्या त्यानंतर. ज्यांनी आयुष्यभर हा रकाना पहिला ठेवला त्यांच्या नावाची पाटी चौकात लावून काय होणार, आणि पहिल्या येणाऱ्या पोराचं कौतुक तर तसंही होतंच की. दुसरं काहीतरी सुचवा. आणि आठवणी लिहा, मोठ्या असल्या तरी चालतील.

माधवनगरी

फार वाईट बातमी. मला इथंच कळली. विनम्र श्रद्धांजली.

डांबरी_हात

लिहायला बसलो तर आख्खी रात्र जाईल. मी लॅबमधलंच लिहितो, कारण माझा सगळा धंदाच त्या लॅबवर उभा आहे, आता स्वतःची मटेरियल टेस्टिंगची लॅब आहे कुपवाडला.

सीबीआर टेस्ट (रस्त्याखालची माती किती भार पेलते ते बघायची) सगळ्यांना माहितीय, मातीचा नमुना मोल्डमध्ये ठोकायचा, ५० मिमी व्यासाचा प्लंजर मिनिटाला १.२५ मिमी वेगानं आत घुसवायचा आणि २.५ आणि ५ मिमीला किती लोड लागला ते बघायचं. नमुना टेस्टच्या आधी चार दिवस पाण्यात ठेवायचा असतो. आता चार दिवस थांबायचा कंटाळा कुणाला येत नाही, साइटवर तर सगळ्यांनाच घाई. सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला कृष्णाकाठची काळी माती आणायला लावली, चक्क सायकलवरून, आणि एकाच मातीचे दोन मोल्ड केले, एक कोरडा आणि एक चार दिवस पाण्यात. कोरड्याचा आकडा असा आला की म्हणाल वर थेट डांबराचं कार्पेट टाका. भिजवलेल्याचा २ च्या आसपास. प्लंजर किती घुसला ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा पळतोय आणि लोड दाखवणारी प्रुव्हिंग रिंग हलायला तयार नाही. सर म्हणाले, "एप्रिलमध्ये इस्टिमेट करणारा साहेब हा पहिला मोल्ड बघतो, ऑगस्टमध्ये एसटीचा ड्रायव्हर दुसरा मोल्ड बघतो."

पुढं मग मुरूम किती, चुना मिसळला तर फुगणं किती कमी होतं, गटार कुठल्या अंगाला, साइडपट्टीचा उतार, हे सगळं ओघानं आलं. पण ते दोन मोल्ड एकदा बघितल्यावर भिजवल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा विचार मनात येत नाही. कितीही मोठ्या माणसाचा फोन येऊ दे, मी सांगतो चार दिवसांनी या.

पदकाला माझाही विरोध. सर स्वतः मार्कांवर कधी माणूस तोलायचे नाहीत.

ऊसवाला

मी काय सिव्हिलचा नाही, शेतकरी हाय वाळवा तालुक्यातला. पण तुमचे सर मला चांगले म्हाईत. आमच्या कारखान्याच्या वाटंवर हंगामात पोरं घिऊन बसायचे रात्रीची, लिंबाच्या झाडाखाली. म्या पयल्यांदा बघितलं तवा वाटलं आरटीओचं पथक हाय, गाडी वळवून परत निघालो हुतो, तर ह्येच हात करून थांबवायला आले आन म्हणाले पाव्हणं घाबरू नका आमी फकस्त मोजतोय.

मग बोलणं निघालं. मला इचारलं ट्रॉलीत येवढा माल का भरता. म्या सांगितलं एक खेप वाचती साहेब, डिझेल वाचतंय, टोळीवालं बी खोळंबून राहत न्हाईत. त्यांनी वादच घातला न्हाई. खिशातनं पेन काढला आन पाकिटावर लिवून दाखवलं, आसावर वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट न्हाई, सोळापट. म्या म्हटलं कायतरीच काय. तर म्हणाले अमेरिकेत मुद्दाम रस्तं करून त्यावर दोन वरीस ट्रक पळवून बघितल्यात. मग म्हणाले ह्यो रस्ता तुमच्याच पोरांचा शाळंचा हाय नव्हं?

माल भरायचा लगीच कमी केला आसं मी म्हणणार न्हाई. पण त्याच साली त्यांनी पोरास्नी घिऊन कारखान्याच्या काट्यापाशी उभं राहून बैलगाड्यास्नी आन ट्रॉल्यास्नी मागनं लाल रिफ्लेक्टर लावले. रात्रीचं गाडीवान पेंगत असतोय, बैल आपलं चालत्यात, मागनं येणाऱ्याला अंधारात काय दिसतंय? आमच्या भावकीतला एक जण तसाच गेलेला. तवापास्नं दर हंगामाला आमची पोरं सोता रिफ्लेक्टर लावत्यात, कुणी सांगायला लागत न्हाई.

दूरदेशी

ऊसवाला, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. तो अमेरिकेतला प्रयोग म्हणजे इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळची आशो रोड टेस्ट, १९५८ ते १९६०. सैन्याच्या ड्रायव्हरांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले होते. चौथ्या घाताचा नियम त्यातून आला, दोनाचा चौथा घात सोळा. मी नोकरीनिमित्त इलिनॉयमध्येच आहे आणि ती जागा मुद्दाम जाऊन बघितली, सरांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "फोटो मिळाले. तिथे बसस्टॉप कुठे आहे?" 😀

सरांची पोस्टकार्डं आणखी कोणाकडे आहेत? मला पास झाल्यावर अधूनमधून यायची. तब्येत कशी, पगार किती असलं काही नाही, सरळ एक प्रश्न. एक अजून जपून ठेवलंय: "तुमच्या गावच्या स्टँडवर दुपारी तीनला सावली कुठे पडते? बायका कुठे उभ्या राहतात? बघून कळवणे."

औंधकरीण

@दूरदेशी, माझ्याकडे पण आहेत! माझ्या एका कार्डावर होतं, "पुलाच्या कठड्याची उंची शाळेतल्या मुलाच्या डोळ्यांच्या वर आहे की खाली?" मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते, नोकरी सुटलेली, सगळे बाळ कसं आहे एवढंच विचारत होते. ते कार्ड वाचून मी पहिल्यांदा घराबाहेर पडले आणि ओढ्यावरच्या पुलावर टेप घेऊन गेले, आईनं डोक्याला हात लावला. माझं मोजमाप मिळाल्यावर सरांनी दुसऱ्या कार्डावर फक्त लिहिलं, "ठीक. आता पुढच्या महिन्यापासून काम सुरू करा." आणि मिरजेच्या एका कन्सल्टंटचा पत्ता.

शंकेखोर

सगळे चांगलं लिहितायत, दुःखाच्या वेळी असं लिहू नये हेही कळतं, पण दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितोय. सर फार कडक होते आणि कधीकधी ते आमच्या अंगावर आलं. माझ्या रूम पार्टनरचं जर्नल त्यांनी तीन वेळा परत केलं, टर्मवर्क अडकलं, त्याचं वर्ष गेलं. वडील हमाल होते त्याचे मार्केट यार्डात. एक वर्ष म्हणजे काय असतं त्या घरात हे सरांना कळायला हवं होतं असं मला आजही वाटतं. हुशार पोरांना पोस्टकार्डं गेली असतील, त्याला नाही गेलं.

डांबरी_हात

@शंकेखोर जर्नल का परत केलं ते पण सांगा की मग. आकडे घरी बसून भरले होते ना?

शंकेखोर

होय, भरले होते. तो रात्री एका मेडिकल दुकानात काम करायचा, मोजणीला यायला वेळ कुठून आणणार? मी कारण लपवत नाही. शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणणं आहे.

औंधकरीण

शंकेखोर, तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आकडे बनवलेले असले की सरांना ताबडतोब कळायचे, कारण खऱ्या रस्त्याचे आकडे कधी नीट नसतात, पावणेनऊला अचानक उसळी, मग दहा मिनिटं शुकशुकाट. बनवलेले आकडे हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. त्यावर सिग्नलचं टायमिंग काढलं तर लाल दिव्यात कोण ताटकळणार, हे ते विचारायचे. तिथं त्यांनी कधी सूट दिली नाही. पण रात्री काम करणाऱ्या मुलाला सकाळची पाळी देता आली असती, हे खरं आहे.

आता माझं. आमच्या वेळी सिव्हिलला मुली मोजक्याच. रात्रीचा काउंट निघाला की बाकीचे म्हणायचे तुम्ही होस्टेलवर बसून आकड्यांची बेरीज करा. सरांनी नियम केला, जो मोजेल तोच डिझाइन करेल. मग घरून परवानगी कशी मिळायची? तर काकू यायच्या. सरांच्या मिसेस. आठ ते दोनच्या पाळीला पुष्पराज चौकात सतरंजी टाकून, थर्मास आणि डबाभर भडंग घेऊन बसायच्या, स्वेटर विणत. आमच्या वडिलांना सरांनी पत्र लिहिलं होतं की माझी पत्नी सोबत असेल. पुढे पुढे काकूच आम्हाला सांगायच्या, अगं तो लुनावाला दुसऱ्यांदा गेला, धर त्याला.

माझी धाकटी बहीण पाच वर्षांनी त्याच कॉलेजात आली तोवर मुलींनी रात्री मोजायचं की नाही हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

सातारी_कंदी

मी साताऱ्याचा, सांगलीला फक्त शिकायला होतो. साताऱ्याच्या लोकांना खंबाटकी सांगायला नको. पुण्याहून येताना घाट चढून यायचं आणि साताऱ्याहून पुण्याकडं जाताना बोगद्यातनं, आणि बोगदा संपला की उतार आणि त्या उतारावर ते एस वळण. किती अपघात झाले तिथं, प्रत्येक गावात कोणी ना कोणी आहे.

मी सरांना एकदा पुण्याला घेऊन चाललो होतो, ते रिटायर झाले होते तेव्हा. वळणाच्या पुढं गाडी लांब बाजूला घ्यायला लावली आणि चालत मागं आले बघायला. त्यांनी तिथं उभं राहून सांगितलेलं मी आजही नव्या पोरांना सांगतो. वळणाचं गणित सगळ्यांना पाठ असतं, ई अधिक एफ बरोबर व्ही वर्ग भागिले १२७ आर (ई म्हणजे बाहेरच्या कडेची उचल, एफ घर्षण, व्ही वेग, आर त्रिज्या). बाहेरची कड ७ टक्के उचलली आणि घर्षण ०.१५ धरलं तर ताशी ८० ला त्रिज्या साधारण २३० मीटर लागते, १०० ला ३६० च्या आसपास. सर म्हणाले गणित बरोबर असतं, त्यात घातलेला व्ही कुठला आहे ते विचार. कागदावरचा व्ही की लांब उतारावरनं बोगद्यातून सुटून आलेल्या भरलेल्या ट्रकचा व्ही? ड्रायव्हर पाटी वाचून वेग ठरवत नाही, समोरचा रस्ता बघून ठरवतो, आणि रस्ता जर त्याला पळ म्हणत असेल तर ४० ची पाटी लावून तो ऐकणार नाही. म्हणून आधी खरा वेग मोज, शंभरातल्या ८५ गाड्या ज्याच्या आत आहेत तो आकडा घे, आणि मग वळण बघ.

नव्या बोगद्यांचं काम सुरू झालं तेव्हा मी सरांना फोन केला होता, एस वळण जाणार म्हणून. खूष झाले. लगेच म्हणाले, आता खालच्या गावातली माणसं रस्ता कुठनं ओलांडणार ते बघितलंस का?

मिरज_जंक्शन

मी जरा गाडी रुळावर आणतो 🙂

सरांचा जीव रस्त्याइतकाच रेल्वेत होता. नव्या पोरांना माहीत नसेल, मिरज हे एकेकाळी तिन्ही गेज एकत्र येणारं जंक्शन होतं, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडी-लातूरकडची बार्शी लाइटची नॅरोगेज. मी रेल्वे कॉलनीतला, वडील गार्ड. सरांनी आमच्या बॅचला मिरज यार्डात नेऊन एकच गोष्ट बघायला लावली होती, एका गेजच्या डब्यातून दुसऱ्या गेजच्या डब्यात माल हलवताना हमालाला एका पोत्यामागं किती पावलं चालावी लागतात. प्लॅटफॉर्मची उंची, दोन डब्यांमधलं अंतर, सगळं त्या पावलांवरून काढायला लावलं.

२०१६ ला लातूरला पाण्याची गाडी गेली ती आठवते? पहिली फेरी १० वाघिणींची, ५ लाख लिटर, मग ५० वाघिणींची २५ लाख लिटरची. हैदरखान विहिरीकडनं स्टेशनपर्यंत पाइप टाकला होता. सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रोज सकाळी रिक्षा करून मिरजेला यायचे आणि कुंपणाबाहेर उभे राहून भरायला किती वेळ लागतो ते लिहायचे. मी ड्यूटीवर होतो, चहा पाजायला आत नेलं तर म्हणाले, पळायला लागतो त्यापेक्षा भरायला आणि उतरवायला जास्त वेळ जातोय का बघ, जात असेल तर इंजिन वाढवून उपयोग नाही, नळ वाढवा.

माधवनगरी

चौकाला नाव द्यायला इतका विरोध का आहे कळत नाही. लोकांना कळायला नको का असा माणूस इथं होऊन गेला? बॅरिस्टर जयकरांचंच घ्या, १९२७ ची रस्ते समिती त्यांच्या अध्यक्षतेखालची, त्यातनं १९२९ ला सेंट्रल रोड फंड आला, १९३४ ला इंडियन रोड्स काँग्रेस आली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून लोक ओळखतात, रस्त्यांसाठी कोण ओळखतं? हे मला सरांनीच सांगितलंय. नाव राहिलं नाही तर काम पण विसरतात लोक.

कृष्णाकाठी

@माधवनगरी मुद्दा बरोबर आहे, विरोध नावाला नाही. पण घरच्यांनाच नाव नको असेल तर तो रस्ता बंद झाला ना.

डांबरी_हात

भोशाचा वड कुणी काढला नाही अजून! रत्नागिरी-नागपूर हायवेत मिरजेजवळच्या भोसे गावातला तो चारशे वर्षांचा म्हणतात तो वड जाणार होता, २०२० ला लोकांनी आवाज उठवला आणि आखणी बदलली. मी तेव्हा म्हणालो होतो एका झाडासाठी आखणी हलवायची म्हणजे खर्च, वेळ, वळण. सरांनी मला घरी बोलवून घेतलं आणि नकाशा पसरला. म्हणाले वळण किती येतंय काढ. काढलं. वेगाला काहीच बाधा येत नव्हती. मग म्हणाले, आखणीवर पहिली रेघ मारायच्या आधी तिथं कोणी चालत गेलं असतं तर हा वाद झालाच नसता.

माधवनगरी

पण तो वड २०२२ च्या पावसात पडलाच की शेवटी.

डांबरी_हात

पडला. सर गेले होते बघायला. पण म्हणून आधीची आखणी बरोबर ठरत नाही. उद्या दुसरीकडं विहीर असेल, शाळा असेल.

हरिपूरचा_भाचा

पुराचं मी लिहितो. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगलीत पोरासोरांना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. १९२९ चा पूल, तो उभा होता, पण दोन्ही अंगाचे रस्ते पाण्याखाली. सर तेव्हा वरच्या मजल्यावर अडकलेले, लाइट नाही, आणि त्यांनी साध्या फोनवरून आम्हा जुन्या पोरांना एकेकाला फोन लावून विचारायला सुरुवात केली की तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पाणी कुठवर आहे, गुडघा, कंबर की छाती. कोपऱ्यांची नावं विचारत होते. मला वाटलं काळजीनं विचारतायत. पाणी उतरल्यावर गेलो तर भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला अख्ख्या गावाचा नकाशा, कुठला रस्ता किती वाजता बंद झाला ते लिहिलेला. शेवटी कुठल्या वाटेनं माणूस चालत बाहेर पडू शकला असता ती रेघ तांबड्या पेनानं. २०२१ ला परत पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या गल्लीनं त्या रेघेप्रमाणं म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशीच हलवलं.

तो नकाशा आता काकूंकडे आहे. त्याचं काहीतरी करा राव, तो पदकापेक्षा मोठा आहे.

औंधकरीण

हा नकाशा मला माहीतच नव्हता. अंगावर काटा आला वाचून.

शेवटचा_बाक

मी सध्या लास्ट इयरला आहे, सरांना कधी बघितलं नाही. पण कृष्णाकाठींनी वर सांगितलेला तो फॉर्म आमच्या लॅबच्या कपाटात अजून आहे, पिवळा पडलाय, मागच्या आठवड्यातच हातात आला आणि मला कळेना 'काठी टेकणारा' असा रकाना का आहे. आज कळलं. एक विचारायचं होतं, रागावू नका. आता कॅमेरा लावला की सॉफ्टवेअर गाड्या आपोआप मोजतं, प्रकारानुसार वेगळ्या करून देतं. आम्ही मिनी प्रोजेक्टला तेच केलं. मग हातानं मोजायची गरज आहे का?

सातारी_कंदी

रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. गाड्या कॅमेऱ्यानं मोज, माणूस झोपतो, कॅमेरा झोपत नाही. आमच्याकडं पोवई नाक्यावर एवढे रस्ते एकत्र येतात, ग्रेड सेपरेटर झाल्यावर गाड्या खालनं सरळ जायला लागल्या, त्याची मोजणी कॅमेऱ्यानं उत्तम होईल. पण वर जी म्हातारी रस्ता ओलांडायला दहा मिनिटं उभी आहे आणि शेवटी कंटाळून परत गेली, ती मोजलीच जात नाही, कारण तिनं रस्ता ओलांडलाच नाही. सरांच्या फॉर्मच्या खाली शेवटची ओळ बघ, 'थांबून परत गेले'. तो आकडा मिळवायला तिथं माणूसच बसवावा लागतो.

शेवटचा_बाक

आहे! खरंच आहे ती ओळ, आत्ता फोटो झूम करून बघितला.

दूरदेशी

मग उत्तर मिळालं की धाग्याला. दर वर्षी मोजणी करा. सरांच्या फॉर्मवर, एक चौक, एक दिवस. आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा आणि जिथे 'थांबून परत गेले' सगळ्यात जास्त, त्या जागेचा एक साधा आराखडा काढून महापालिकेला द्यायचा. मी इकडून आकडेमोड करून देतो, सॉफ्टवेअरचं काय असेल तेही बघतो.

ऊसवाला

ह्ये बेस हाय. हंगामात आमच्याकडं बी या. लिंबाचं झाड हाय अजून. जेवायचं माझ्याकडं, पिठलं-भाकरी.

मिरज_जंक्शन

+१. मिरज स्टेशनबाहेरचा रिक्षा थांबा पण घ्या यादीत.

शंकेखोर

मला पटलं. एक अट मात्र घाला. जी पोरं कुठंतरी काम करून शिकतायत त्यांना त्यांच्या वेळेप्रमाणं पाळी द्यायची, आणि जी पाळी करतील त्यांना दिवसाचे पैसे द्यायचे, पदकाचा जो निधी गोळा होणार होता त्यातनं. माझा तो रूम पार्टनर आता इस्लामपूरला रस्त्याचीच कामं घेतो, चांगली करतो. त्याला हा धागा पाठवला. म्हणाला पहिल्या वर्षाचे सगळे पैसे मी देतो, पण मोजणीला मला पण बसवा.

कृष्णाकाठी

@शंकेखोर त्यांना सांगा पहिली पाळी त्यांची. आणि अट मान्य, ग्रुपवर आत्ताच टाकली, कोणाचाही विरोध नाही. माधवनगरींचा मुद्दा धरून फॉर्मच्या वर 'सरांचा फॉर्म' एवढं छापूया, नाव नको.

वर्षातून दोनदा करू. जुलैत शाळा सुरू असताना सांगलीत एका शाळेच्या चौकात, आणि हंगामात ऊसवाल्यांच्या रस्त्यावर. साताऱ्याची जबाबदारी सातारी_कंदींची. हरिपूरच्या भाच्यानं काकूंना विचारून नकाशाचा नीट स्कॅन करून घ्यावा, मूळ कागद त्यांच्याकडेच राहू दे.

औंधकरीण

काकूंशी बोलले. स्कॅनला हरकत नाही म्हणाल्या. आणि विचारत होत्या रात्रीची पाळी ठेवणार का, मुली असतील तर मी येते म्हणाल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तर पाठीला टेकता येईल अशी खुर्ची लागेल, ती मी आणते.

शेवटचा_बाक

आमच्या वर्गातली बारा-पंधरा जणं तयार आहेत, मुली पण. फॉर्म टाइप करायला घेतलाय, रकाने जसेच्या तसे ठेवतो. फक्त एक शंका, जुलैत मुसळधार लागला त्या दिवशी तर मोजणी पुढं ढकलायची का?

डांबरी_हात

अजिबात नाही. फुटपाथवर तळं साचल्यावर पोरं कुठल्या बाजूनं गाडीच्या वाटेत उतरतात ते त्याच दिवशी दिसतं. फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पेन नको, पेन्सिल घ्या. ताडपत्री माझ्या लॅबमधून आणतो.